जाळी बारीक करून पाहिली होती

हे अपर्णाला माहीत नाही. माझ्या बायकोला माहीत नाही म्हणजे बघ, कुणालाच माहीत नाही. मित्रांना तर मी उलटंच सांगत आलोय, चांगलं रंगवून, हातवारे करून. तेव्हा हे पहिल्यांदाच कुणाच्या कानावर जातंय, आणि ते तुझ्या. नीट सांगता येईल की नाही कुणास ठाऊक. कारण मलाच त्यातलं अर्धं कळलेलं नाही. काय केलं ते कळतं. का केलं, ते नाही.

थोडक्यात सांगायचं तर एका मुलीची पीएच.डी. माझ्यामुळे गेली. स्नेहल तिचं नाव. ती मला दादा म्हणायची. झालं, एवढंच. पण असं एका दमात सांगितलं की मी कुणी मोठा कारस्थानी माणूस असल्यासारखं वाटतं, आणि मी तसा नाही. नव्हतो. म्हणजे — बघ, सुरुवातीलाच घोळ.

थांब, मागून सांगतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी सिंगापुरात एका विद्यापीठात रिसर्च फेलो होतो. पुण्यात शिकलो, तिथून एम्प्लॉयमेंट पास घेऊन थेट इकडे, बुकित बातोकमध्ये भाड्याचा फ्लॅट, घरी अपर्णा. माझं काम भूकंपात काँक्रीटच्या भिंतींचं काय होतं हे बघण्याचं. सिंगापुरात भूकंप? लोक हसायचे. मराठी मंडळाच्या गणपतीत बँकेतली मंडळी भेटायची, त्यांना सांगितलं की म्हणायची, "मग तुम्ही रिकामेच असाल!" खरंय, इथे भूकंप होत नाही. पण समुद्रापलीकडे सुमात्रा हलली की आमच्या उंच ब्लॉकांमधले दिवे झुलायचे आणि लोक सपाता सरकवून खाली मोकळ्या जागेत गोळा व्हायचे. एकदा असंच सगळे उतरलो होतो, तर शेजारची चिनी आंटी मला म्हणाली, "यू इंजिनियर, राइट? दिस ब्लॉक कॅन ऑर नॉट?" मी म्हणालो, "कॅन, कॅन, आंटी." तिला बरं वाटलं. आणि ब्लॉक खरंच पडणारा नव्हता, ते सोड. माझ्यामुळे कुणाच्या डोक्यावर भिंत कोसळली असं काही ऐकायची तयारी करून बसू नकोस. तसं झालेलं नाही. कधी कधी वाटतं, म्हणूनच मला हे इतकी वर्षं पचलं.

तर त्या ब्लॉकांच्या भिंती. त्या वजन आणि वारा धरून बांधलेल्या, भूकंप धरून नव्हे. हलल्या तर किती सोसतील, हा आमचा प्रोजेक्ट. लॅबमध्ये खरी भिंत ओतायची. ती चुन्याने पांढरी करायची, म्हणजे तडे दिसतात. मग जॅक लावून तिचा माथा इकडे ढकलायचा, तिकडे ओढायचा, हळूहळू जास्त, आणखी जास्त. ढकलताना पडलेले तडे निळ्या मार्करने गिरवायचे, ओढताना पडलेले लाल मार्करने. शेवटी भिंत पायाशी चुरडते, सळ्या बाहेर वाकतात, आणि धूळ हळूहळू खाली बसते. मला ते बघायला आवडायचं.

माझं काम मात्र कॉम्प्युटरमधलं. तीच भिंत कॉम्प्युटरमध्ये उभी करायची, चौकोनांची जाळी करून. एकेका चौकोनाला काँक्रीटचा स्वभाव शिकवायचा, किती दाबलं की चुरडायचं, किती ताणलं की तडकायचं. मध्ये सळ्या घालायच्या आणि ढकलायचं. ही भिंत लॅबमधल्या भिंतीसारखी वागली तर तुम्ही शहाणे, नाही वागली तर बसा.

आता एवढं एक समजून घे, कारण माझं सगळं पाप तिथे आहे. जाळी जितकी बारीक कराल तितकं उत्तर खऱ्याच्या जवळ जायला हवं, बरोबर? काँक्रीटचं तसं नसतं. तडा गेला की तो चौकोनांच्या एकाच ओळीत घुसतो, आणि ओळ जितकी अरुंद तितकी कॉम्प्युटरमधली भिंत लवकर मोडते. खरी भिंत उभी असते, ही आपली मोडून मोकळी. हा काही माझा शोध नाही, पुस्तकात आहे. त्यावरचा उपायही पुस्तकात आहे. तो उपाय मी घातला होता. काँक्रीटचा स्वभाव सांगणारा प्रोग्रॅमचा तुकडा मी स्वतः लिहिला होता, आणि त्याचा मला भारी अभिमान. माझी भिंत लॅबमधल्या भिंतीच्या पावलावर पाऊल टाकत चालली. प्रोफेसरांनी — आमचे चिनी सिंगापुरी बॉस, बोलायला चार शब्द, त्यातले दोन 'ओके' — दोन्ही आलेख एकावर एक धरून उजेडात बघितले आणि मला कॅन्टीनमध्ये नेऊन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, पाजली. त्यांच्याकडून कोपी म्हणजे शालश्रीफळच.

मग पेपर लिहायला घेतला. आमच्यात रीत अशी की जाळी आणखी बारीक करून एकदा पुन्हा चालवायची आणि पेपरात लिहायचं, फरक पडला नाही. जेवणाआधी हात धुवावेत तसं ते करायचं. मी केलं.

फरक पडला.

थोडाथोडका नाही. भिंत अर्ध्यातच मोडली. मी बघतच राहिलो. अरे, उपाय घातलाय ना? मग ही का मोडली? चौकोन बघितले, सळ्या बघितल्या, माझा तुकडा वरपासून खालपर्यंत वाचला. काही म्हणजे काही कळेना. पेपरची मुदत तोंडावर आलेली. मी स्वतःला म्हटलं, जाळी करतानाच काहीतरी वेडंवाकडं झालं असेल, नंतर बघू. आणि ती फाइल डिलीट केली.

का डिलीट केली? नंतर बघायचीच होती ना? मग ठेवली असती तर काय बिघडत होतं? डिस्कवर जागा नाही असं तेव्हा स्वतःशी म्हटल्याचं आठवतं. जागा ढीगभर होती. म्हणजे मला तेव्हाच कळलं होतं का सगळं? तसं असेल तर मग तेव्हा मला अपराधी का वाटलं नाही? शपथेवर सांगतो, नाही वाटलं. मी घरी जाऊन व्यवस्थित जेवलो. पेपरात एक वाक्य गेलं की जाळी बारीक करून पाहिली, उत्तरात लक्षणीय फरक आढळला नाही. इंग्रजीत तर ते आणखीच सोज्वळ दिसतं. पेपर छापून आला. अपर्णाने श्रीखंड केलं.

इथवर तू म्हणशील, यात काय एवढं? मीही हेच म्हणायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यानंतर स्नेहल आली.

इस्लामपूरची. वडील हायस्कुलात गणिताचे मास्तर, घरातून परदेशी जाणारी ही पहिलीच. शिष्यवृत्तीवर आली होती, आमच्याच प्रोफेसरांकडे. लॅबमध्ये पहिल्या दिवशी मला "सर" म्हणाली, रविवारी घरी जेवायला आली तेव्हा अपर्णाने दटावलं, "सर बिर इथे नाही हं." तेव्हापासून दादा. तिच्याकडे मुलीसुद्धा "मी जातो, मी करतो" म्हणतात, अपर्णा तिला चिडवायची, तर ही म्हणायची, "मग काय जाते-जाते करत बसू? जातो म्हटलं की माणूस पोचतो तरी!" मोठ्याने हसायची. आमच्या ब्लॉकमध्ये लिफ्टपर्यंत ऐकू जायचं. वाद घालायची, चुकली तर कान पकडायची, आणि टेक्काच्या बाजारातून आणलेली मेथीची जुडी निवडता निवडता माझ्याशी काँक्रीटवर भांडायची. हुशार होती. माझ्यापेक्षा हुशार होती, हेही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिच्या भिंतींना दारं होती. लिफ्टच्या, जिन्याच्या भिंतींना असतात तशी. दाराच्या कोपऱ्यातून तडे निघतात, म्हणून तिथे जाळी बारीक घ्यावीच लागते, इलाज नाही. आणि काँक्रीटचा स्वभाव? तो तयार आहे, छापून आलेला आहे, तोच घे, असं प्रोफेसर म्हणाले. मी दिला. पण कसा दिला? चालवता येईल पण उघडून वाचता येणार नाही अशा रूपात. तिने मूळ मागितला. मी म्हणालो, "देतो गं, जरा साफसूफ करून देतो." आतमध्ये मी मराठीत शिव्या लिहून ठेवल्यात असंही सांगितलं, ती हसली. पुन्हा मागितला. पुन्हा देतो म्हणालो.

भीती होती का मला? तेव्हा अजून काहीच झालं नव्हतं. मग का नाही दिला? कळत नाही.

तिने लॅबमध्ये भिंती ओतल्या, ढकलल्या, निळे-लाल तडे गिरवले. खऱ्या भिंती छान उभ्या राहिल्या. कॉम्प्युटरमधल्या निम्म्यावरच मोडल्या. ती माझ्या टेबलाशी आली, हातात छापील आलेख. "दादा, माझं कायतरी चुकतंय."

आलेख बघितला आणि मी नकळत त्यावर तळहात ठेवला, झाकल्यासारखा. तोच तो आकार. मी डिलीट केलेला.

इथे मी घोटाळतो बघ. त्या क्षणी मला माहीत होतं. यात शंका नाही, कारण हात ठेवला हे स्पष्ट आठवतंय. पण पुढच्याच क्षणी मी स्वतःला म्हटलं, कशावरून? तिची भिंत वेगळी, दारं आहेत, सळ्या वेगळ्या, तिचंही काही चुकत असेल की! आणि गंमत अशी की हे मला पटलं. मी तिला म्हणालो, "सळ्यांचे आकडे एकदा तपासून बघ." तिने तपासले. बरोबर होते. मग म्हणालो, काँक्रीटची ताकद पुन्हा मोज. तिने राखून ठेवलेले नमुने पुन्हा दाबले, बरोबर. मग जॅकचं मोजमाप. मग पायाचं बांधकाम. मी तिला एकेक जागा दाखवत गेलो, जिथे चूक नाही हे मला माहीत होतं. साप साप म्हणून भुई धोपटायला लावली मी तिला, आणि साप माझ्या खिशात.

हे आठवडाभर नाही, महिनोन् महिने चाललं. कळतंय का तुला मी काय म्हणतोय? महिनोन् महिने ती मुलगी रोज लॅबमध्ये येऊन स्वतःची चूक शोधत होती आणि मी पलीकडच्या टेबलावर बसून चहा पीत होतो. मधेच उठून "काय, सापडलं का?" म्हणून विचारायचो. प्रेमाने विचारायचो! प्रेम खोटं नव्हतं, तेच तर. ती बारीक झाली, हसणं गेलं, रविवारी यायची बंद झाली. अपर्णा म्हणाली, "अरे, काय झालंय पोरीला? तुम्ही लोक काही मदत करता की नाही?" मी म्हणालो, "करतोय ना." डबा भरून दिला अपर्णाने, तो मी नेऊन दिला. बटाट्याची भाजी आणि पोळ्या. तिने डबा घेतला आणि म्हणाली, "तुमचे लई उपकार हायत, दादा." मी वेड घेऊन पेडगावला गेलो.

हां, आणि मी शोधत नव्हतो असं नाही. शोधत होतो. ती जेवायला गेली की माझा तुकडा उघडायचो आणि ओळ न् ओळ वाचायचो. सापडली असती ना चूक, तर मी शहाजोगपणे म्हणालो असतो, "स्नेहल, ही घे नवी आवृत्ती, हिने चालवून बघ." तिचं काम झालं असतं, माझी मूठ झाकलेली राहिली असती. पण नाही सापडली. की मी मनापासून शोधलीच नाही? एखाद्या वेळी ती समोर येईल म्हणून घाबरून वाचत होतो का? आजही मला ती चूक कुठे होती ते माहीत नाही. हसू नकोस. त्या प्रोग्रॅमचा बाप मी, आणि मला माहीत नाही.

मग एकदा प्रोफेसरांनी मला कॅन्टीनमध्ये नेलं. पुन्हा कोपी. पण या वेळी शालश्रीफळ नव्हतं. कप ढवळत त्यांनी सरळ विचारलं, "मॉडेल प्रॉब्लेम ऑर स्टुडंट प्रॉब्लेम?"

तिचं सगळं त्या उत्तरावर अवलंबून होतं. थोड्याच दिवसांत कमिटी बसणार होती, तिला पुढे जाऊ द्यायचं की नाही हे ठरवायला. मला ते ठाऊक होतं. प्रोफेसर वाईट माणूस नव्हते. मी म्हणालो असतो की सर, माझ्या तुकड्यात खोट आहे, तर ते रागावले असते, फार तर दुरुस्तीचं पत्र छापावं लागलं असतं, थोडी नाचक्की. नोकरी गेली नसती. मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलंय की नोकरी गेली असती, घरभाडं, अपर्णा, पी.आर.चा, कायम राहण्याचा, अर्ज. पण नाही, नसती गेली! माझ्याआधी आमच्याच लॅबमध्ये एकाने असंच कबूल केलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. मग कशाला भ्यायलो मी? दोन वाक्यांना? त्यांच्या भुवयांना?

मी म्हणालो, "सर, मॉडेल तर छापून आलेलं आहे."

खोटं नाही बोललो, बघ. तिच्यावर बोटही नाही ठेवलं. ते "ओके" म्हणाले आणि कप उचलला.

आणि आता जे सांगणार आहे तेच खरं सांगायचं होतं. बाकीचं सगळं, मी बहुतेक ते टाळण्यासाठीच एवढं लांबवलं.

कमिटीच्या आदल्या आठवड्यातली दुपार. मी टेबलाशी, आणि स्नेहल जवळजवळ धावत आली. कित्येक दिवसांनी चेहरा उजळलेला. "दादा! सापडलं!" तिने चिडून, वैतागून, अख्खी जाळी मुद्दाम जाडीभरडी करून चालवली होती. नियमात न बसणारी, दाराच्या कोपऱ्यात नको तितके मोठे चौकोन. आणि भिंत उभी राहिली होती. मग मध्यम केली, थोडी लवकर मोडली. बारीक केली, आणखी लवकर. तिने तिन्ही आलेख माझ्यासमोर पसरले. "हा सगळा जाळीचा खेळ हाय, दादा. माझ्या भिंतीत कायच चूक नाही. काँक्रीटमध्येच कुठंतरी —"

आणि ती थांबली. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत विझला. कशामुळे सांगू? माझ्या वाक्यामुळे. तिला ते पाठ होतं.

"पण तुम्ही तर बघितलेलं की," ती म्हणाली. "पेपरात लिहिलंय तुम्ही. बारीक करून बघितलं, फरक पडला नाही."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला संशय आला नव्हता, हे लक्षात घे. संशय आला असता तर मी कदाचित — काय माहीत. ती नुसती विचारत होती, दादाला विचारावं तसं. मी अडकवलेल्या सापळ्यातून ती स्वतःच्या डोक्याने बाहेर आली होती, दाराशी उभी होती, आणि मला फक्त बाजूला सरायचं होतं. "नाही गं, ते मी तसंच लिहिलं होतं." एवढंच. मी अगदी शांत होतो. मला माझा तो शांतपणा समजतच नाही.

"हो," मी म्हणालो. "मी पाहिलं होतं. काही फरक पडला नव्हता."

ती "बरं" म्हणाली. मग थोडा वेळ आलेख जुळवत बसली, कडा एकावर एक बसवत. "मग माझंच कायतरी," असं म्हणून निघून गेली. मी एक मेल लिहीत होतो, तो पूर्ण केला.

कमिटीपुढे तिने जाळीबद्दल अवाक्षर काढलं नाही. का काढेल? दादांनी पाहिलं होतं. विचारलं तेव्हा म्हणाली, माझी चूक मला सापडत नाही. मास्टर्स देऊन तिला मोकळं करायचं ठरलं. कमिटी बसली तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होतो, तिला धीर द्यायला. हो, तेही केलं मी.

चांगी विमानतळावर आम्ही दोघं तिला सोडायला गेलो. अपर्णा रडली. स्नेहल रडली नाही, उलट अपर्णालाच म्हणाली, "आता इस्लामपूरला या, दाबून जेवायला घालतो." आत जाण्याआधी तिने वाकून आम्हाला नमस्कार केला. माझा पाय मागे सरकला, आणि मग — सरकलेला पाय पुन्हा पुढे आणला मी. लोक बघत होते. "सुखी राहा," म्हणालो.

पुढे मी विद्यापीठ सोडलं. वन-नॉर्थ भागात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, काँक्रीटशी संबंध सुटला, पी.आर. झालो. मंडळात कुणी विचारलं की रिसर्च का सोडलं, तर मी म्हणायचो, "आमची एक स्टुडंट होती, फार गुणी मुलगी, तिचं झालं नाही, मनाला लागलं माझ्या." आणि लोक च् च् करायचे. सांगितलं ना, उलटंच सांगत आलोय. किती सोयीचं असतं बघ, स्वतःच्या गुन्ह्याचं दुःख मिरवणं.

काही वर्षांनी अपर्णाच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही सांगलीला गेलो, आणि अपर्णाने हट्टच धरला, इस्लामपूरला जायचंच. मी कारणं काढली, चालली नाहीत. स्नेहलचं लग्न झालेलं होतं. नवरा साधा, हसरा, त्याचं बांधकामाच्या सामानाचं दुकान. ती घरबसल्या बंगल्यांचे नकाशे काढून द्यायची. खोल्या, जिना, ओटा कुठे, एवढंच. हिशेबाचं, गणिताचं काम दुसऱ्याकडे पाठवायची. जाडी झाली होती, हसणं परत आलं होतं, ते मला बाहेर गेटपाशीच ऐकू आलं. माझ्या जिवात जीव आला. म्हटलं, चला, बरं झालं म्हणायचं. इतकं काही वाईट झालं नाही.

तिने उप्पीट केलं होतं. आम्ही खात बसलो आणि तिचा नवरा कौतुकाने सांगायला लागला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने हिला बोलावलं होतं, उंच इमारतींच्या कामाला, घरून काम करायलाही तयार होते. हिने सरळ नाही म्हणून सांगितलं. मी किती समजावलं, तो म्हणाला, तुम्ही तरी सांगा.

"मला नाही ओ जमत ते," स्नेहल म्हणाली. आनंदाने म्हणाली, उप्पिटावर खोबरं पेरता पेरता, माणूस आपली उंची सांगतो तसं. "मॉडेलिंग आपल्या डोक्याचं काम नव्हंच. सिंगापुरात चांगलं कळलं मला. दादांना विचारा की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अपर्णा, स्नेहलचा नवरा, स्नेहल. मी चमचा खाली ठेवला. खरंच ठेवला. म्हणालो, "असं काही नाही गं. तू हुशार होतीस. तुझं काही चुकलं नव्हतं."

अजून एक वाक्य होतं. ते जिभेवर आलं होतं की मी आता तसं म्हणतोय, मला सांगता येणार नाही.

स्नेहलने नवऱ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. "बघितलंत?" ती म्हणाली. "एवढी वर्षं झाली, अजून माझं मन राखत्यात. असा माणूस बघितला नाही ओ मी." आणि तिने माझ्या ताटलीत आणखी एक डाव वाढला.

मी म्हणालो, "उप्पीट फक्कड झालंय."